पाणकणसातल्या तीन जागा

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — कुणास ठाऊक. पण धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की मी ताटावरून उठते, आणि घरच्यांना वाटतं, केवढी काळजी हिला लोकांची!

सुरतेत मी उपग्रहाची चित्रं वाचायचं काम करते. तापीला किती पाणी असलं की कोसाडकडच्या पाणथळीत ते कुठवर पसरतं, याचा अहवाल आमच्या ऑफिसनं केला. म्हणजे — मीच केला. पावसाळ्यात ढगांमुळे साधं चित्र मिळत नाही, म्हणून रडारचं घ्यायचं. त्यात उघडं पाणी काळं दिसतं, कोरडी जमीन उजळ. सोपं आहे ना? नाही. पाणकणसाच्या उंच गवती दाटीत पाणी साचलं, तर तेही उजळच दिसतं. चित्र तिथे फसवतं. म्हणून माणसानं स्वतः जाऊन, पाय बुडवून बघायचं असतं.

मी गेले होते. बाकीच्या जागा नीट पाहिल्या. पाणकणसातल्या तीन राहिल्या होत्या — आणि मला भूक लागली होती. साप, चिखल, असलं काही नव्हतं हो. नुसती भूक. रस्त्यावरच्या खाण्याच्या लारीपाशी उभं राहून मी लोचो खाल्ला, आणि तिन्ही जागांपुढे लिहिलं, कोरडी.

त्या तीन नोंदींवर अहवालातली धोक्याच्या पातळीची रेघ ठरली. नदीची पातळी या रेघेच्या आत असेल, तर पाणी पाणकणसापलीकडे येत नाही. आणि पलीकडे कोण राहतं? माझी मावशी. लकवा झालेल्या मावसांना घेऊन, तळमजल्यावर.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी तिचा फोन आला. "पोरी, तुना मावसाले वर लई जाऊ का?"

नदी रेघेच्या आत होती. अगदी ओठांवर आलं होतं — उचला त्यांना, आत्ता. पण मग तिनं विचारलं असतं, का? मी म्हणाले, गरज नाही, मावशी.

दुपारी पाणी घरात शिरलं. शेजारी येईपर्यंत ती कमरेइतक्या पाण्यात मावसांचं डोकं हातांवर धरून उभी होती. मावसा वाचले. आता नळाचा आवाज आला तरी रडतात. हे मी केलं. भूक लागली होती म्हणून.

भेटायला गेले तेव्हा एक शेजारीण मला लागेल असं काहीतरी बोलली. मावशी उसळली, "मनी भाची सोता चिखलमा उतरीसन मोजी उनी व्हती! नदीनीच दगा दिन्हा."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. आणि मी — मी मान हलवली. हो म्हणून.

अहवाल अजून तसाच आहे. आता अख्खी गल्ली मला विचारते, आणि मी दर वेळी एकच सांगते, वर जा. यंदा दोनदा त्यांनी मावसांना खाटेसकट जिन्यावरून नेलं, दोन्ही वेळा पाणी आलं नाही. तिसऱ्यांदा कोण ऐकणार? परवा मावशीनं हसतच विचारलं, "नदी तर रेघना आत शे ना वं? खरंच जाऊ?"

मी जा म्हणाले. का, ते सांगितलं नाही.