फिर्मांमामांची बाटली

आमच्या बेटावरच्या थिओ गावात फिर्मांना सगळेच मामा म्हणतात. उभा जन्म त्यांनी ट्रक चालवला, निकेलची लाल माती डोंगरावरून धक्क्यावर उतरवली. मागितलेल्याला नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. पण त्यांची सख्खी भाची नादेज राजधानी नूमेआच्या विद्यापीठातून आली, तेव्हा तिचं मागणं ऐकून मामा पार चक्रावले.

रीतीप्रमाणे तिने कापडाचा तुकडा आणि तंबाखू त्यांच्यापुढे ठेवली, मान खाली घातली. मामांनी कापड उचललं. म्हणजे शब्द दिला. मग ती म्हणाली, "मामा, तुमची लघवी हवी होती."

मामांनी बायकोकडे पाहिलं. "काय म्हणतेय ही?"

"मूत म्हणतेय. कान गेले का म्हाताऱ्या?" ओदेतमामी हसू दाबत म्हणाल्या.

नादेजने समजावलं. लघवीत युरिया असतो. बरणीत खार घालून निकेलच्या जाळीतून वीज सोडली की युरिया फुटतो आणि समोरच्या पट्टीवर हायड्रोजनचे, म्हणजे जळणाच्या वायूचे, बुडबुडे येतात. नुसतं पाणी फोडण्यापेक्षा त्याला वीज कमी लागते.

"निकेलसाठी डोंगर नेलात. आता हेही?" मामा पुटपुटले. पण दिला शब्द मोडणार कसा?

गावातल्या बऱ्याच जणांनी बाटल्या भरून दिल्या, मीही दिली. चर्चच्या पडवीत नादेजने बरण्या मांडल्या, वीज किती वाहते ते मोजायला काट्याचा मीटर जोडला. सगळ्यांच्या बाटलीला काटा साधारण सारखाच हलला. मामांच्या बाटलीला मात्र तो भलताच वर गेला. तिने जाळी बदलली, खार नव्याने घातला. तरी तेच!

रविवारी जेवणाला केळीच्या पानात भाजलेले कंद उघडले, तेव्हा जो तो मामांना चिडवत होता. "मामा, तुमच्यावर आख्खा ट्रक चालेल!"

"मी काही केलं नाही रे. पाणी तेवढं पितो. हल्ली तहान फार लागते." मामा लाजले. थोडे फुशारलेही.

नादेज मात्र जेवली नाही. युरिया मोजून तिचं डोकं फिरलं होतं. "मामांच्यात तो सगळ्यांहून कमी आहे. मग जाळी खातेय तरी काय?"

दुसऱ्या दिवशी ती बाटली घेऊन दवाखान्यात गेली. नर्सने तपासणीची पट्टी बुडवली. पट्टीचा रंग पाहून म्हणाली, "साखर आहे. भरपूर. त्यांना आत्ता घेऊन ये."

निकेल साखरही जाळतं, हे नादेजला पुस्तकातून ठाऊक होतं. मामांच्या बाबतीत ते सुचलंच नाही. ती दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. "तुम्ही आजारी होतात मामा, आणि मी नुसता काटा बघत होते."

मामा तिच्या शेजारी टेकले. "थांब. म्हणजे आजारी होतो म्हणून पहिला आलो?"

"हो. म्हणजे नाही... असं काही नसतं मामा."

मामांच्या गोळ्या सुरू झाल्या. कॉफीतली साखर मामींनी बंद केली. तहान कमी झाली, दुखरे पाय हलके झाले. नादेज पुन्हा आली तेव्हा मामांनी न मागता बाटली पुढे केली. काटा आमच्याइतकाच हलला. नादेजने मामांना मिठी मारली, ऐकून नर्सही खूश झाली.

मामा बरणीकडे बघत राहिले. मग मला बाजूला ओढून हळूच विचारलं, "खरं सांग, मी सुधारलो की उतरलो?"

"सुधारलात मामा."

"मग यंत्राला तसं का वाटत नाही?"