पायरी धुणाऱ्या बाईचा फोटो

रामोजीअण्णांच्या घरातल्या त्या फोटोला खरा खर्च काय आला, ते सांगतो.

थोडी सागवानी पट्टी, एक काच, मूठभर खिळे आणि एका अमेरिकन बाईची पाठ.

अण्णा काल सकाळी गेले. हे शकूला, म्हणजे त्यांच्या मुलीला, विचारून लिहितोय.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी मिरजेहून बेंगळुरूला आलो आणि मल्लेश्वरममध्ये अण्णांच्या घराखालच्या गाळ्यात फोटोफ्रेमचं दुकान टाकलं. अण्णांचं घराणं इथं शेकडो वर्षांपूर्वी आलेलं. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, माणूस कन्नडमध्ये भांडतोय.

"मिरजेचा का रे तू? असू दे. भाडं स्वल्प वेळेवर दे, बाकी सरी."

सरी म्हणजे ठीक. झालं. एवढंच अ‍ॅग्रीमेंट.

जवळच्या एका कॉलेजात अमेरिकन प्रोफेसर आला होता. त्याने आपल्या गावाच्या, बाल्टिमोरच्या, जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. दोन महायुद्धांच्या मधला काळ. फ्रेम सगळ्या माझ्या. परत जाताना म्हणाला, एवढं लगेज कुठे नेऊ, तुम्हीच ठेवा.

मग काय, माझ्या दुकानात बाल्टिमोर.

ट्रामची वाट बघणारी माणसं. खांद्यावर बर्फाची लादी घेतलेला एक जण. कलिंगडांची गाडी. न्हाव्याच्या दुकानाबाहेर हॅट घालून बसलेले रिकामटेकडे.

पण आपल्याकडे फ्रेममधला काळापांढरा माणूस म्हणजे गेलेला माणूस. गिऱ्हाइकं चपला काढून आत येत आणि हात जोडत.

एका आजींनी विचारलं, "सगळी एकाच घरातली का हो?"

"नाही आजी, ही अमेरिका."

"अरेरे," म्हणाल्या.

मलाही तेव्हा धंद्याची जरा चढली होती. अण्णांना म्हणायचो, "मल्लेश्वरममध्ये कुणीही जाऊ दे अण्णा, शेवटी माझ्याच काचेआड येणार."

अण्णा म्हणत, "मग तुझ्या सोयीनंच जातो. सांग कधी ते."

दुपारी ते दुकानात येऊन बसत. नेहमी एकाच फोटोसमोर.

त्यात एक बाई गुडघ्यांवर बसून घरापुढची पांढरी पायरी घासत होती. डोक्यावरून शाल घेतलेली. चेहरा पलीकडे. तिथल्या बायका म्हणे रोज पायऱ्या अशा घासून काढायच्या. प्रोफेसरने सांगितलं होतं.

"आमची अशीच बसायची," अण्णा म्हणाले. "उंबरा धुताना."

शकू दीड वर्षाची असताना त्यांची बायको गेली. फोटो नाही. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं ती मानायची. एकदाही काढू दिला नाही, आणि गेली तरी लवकरच.

मग शकूचं लग्न ठरलं. हुबळीचं स्थळ.

त्यांच्या घरची रीत अशी की मुलीची आई नसेल तर पाटावर तिचा फोटो ठेवायचा, पहिली हळद त्याला लावायची आणि मग मुलीला. फोटो नसेल तर सुपारी.

शकूच्या आत्याबाई म्हणाल्या, "सुपारी ठेवू. चालते."

शकू म्हणाली, "मी सुपारीला आई म्हणणार नाही."

आणि खोलीत जाऊन बसली. हळद दुसऱ्या दिवशी होती.

अण्णा खाली आले. त्यांनी तो फोटो भिंतीवरून उतरवला आणि माझ्यापुढे ठेवला.

मी म्हटलं, "अण्णा, फ्रॉक आहे."

"काप की."

मी नवा माउंट, म्हणजे फोटोभोवतीचा पुठ्ठा, घेतला. त्याची खिडकी अशी कापली की फ्रॉक गेला, बूट गेले, अमेरिकन दरवाजा गेला. राहिली शाल, वाकलेली मान, एक कोपर, ब्रश आणि बादली.

बादली कुठलीही असू शकते.

अण्णांनी फोटो शकूपुढे धरला. म्हणाले, "एका ओळखीच्याकडे सापडला. पाठमोरी आहे. तिला कळू न देता काढलेला."

शकूने खूप वेळ पाहिला.

"अप्पा, आई डावरी होती?" तिने वडिलांना विचारलं.

ब्रश डाव्या हातात होता. मला दिसलंच नव्हतं.

अण्णा म्हणाले, "त्या दिवशी उजवा भाजला होता."

शकू उठली, पदराने काच पुसली आणि स्वतःच फोटो पाटावर नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहिली हळद बाल्टिमोरला लागली.

शकूची सासू फोटोसमोर हात जोडून म्हणाली, "विहीणबाई कामसू दिसतात."

अण्णा म्हणाले, "भारी कामसू. बसायचं नावच नाही."

आणि तोंड धुवायला म्हणून मागच्या नळावर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

शकू निघताना माझ्या पाया पडायला वाकली. हळूच म्हणाली, "दादा, तुमच्या त्या प्रोफेसरांचा पत्ता आहे का?"

"नाही गं. का?"

"त्या बाईंच्या घरी कळवायला हवं होतं, की इकडे त्यांना एक मुलगी आहे."

अण्णांना तिने हे कधीच कळू दिलं नाही. दरवर्षी आईच्या तिथीला हुबळीहून यायची, हार घालायची. अण्णाही दरवर्षी भाजलेल्या हाताची गोष्ट सांगायचे, आणि दरवर्षी ती स्वल्प वाढायची. शेवटी शेवटी तर त्यात डॉक्टरही आला होता.

शकू ऐकायची. "हो का अप्पा?" म्हणायची.

काल मी गेलो तेव्हा ती दाराशीच बसली होती. म्हणाली, "दादा, आता भाजलेल्या हाताचं कोण सांगणार?"

मी तिच्याशेजारी बसलो.

अण्णा, सावकाश जा. वर खरी भेटली तर तिला हे सगळं नीट समजावून सांगा.

अण्णांचा फोटो शकूच्या मुलाने आधार कार्डावरून मोठा करून घेतला. फ्रेम ऑनलाइन मागवली, आज सकाळी आली. माझी आता सर्जापूर रोडला फॅक्टरी आहे. तिथे ऑफिसांच्या ऑर्डरी होतात, सुटी फ्रेम होत नाही.

अण्णांच्या फोटोला काच नाही. प्लास्टिक आहे.