रेडिओचा आवाज बाहेरचा ठरतो

त्याच्या सलूनमध्ये केस कमी आणि गप्पा जास्त कापल्या जायच्या, म्हणून सगळी गल्ली त्याला रेडिओच म्हणायची. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की हा जो सुरू व्हायचा, तो मानेवरचा टॉवेल झटकेपर्यंत थांबायचा नाही. मग घशाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं, माणूस वाचला, पण आवाज मात्र गेला तो गेलाच.

लेक मात्र बापापेक्षा वस्ताद. ऑपरेशनच्या आधी तिने त्याला समोर बसवून त्याची सगळी बडबड रेकॉर्ड करून घेतली आणि त्याचं एक ॲप बनवलं. 'मान खाली.' 'हलू नका, या बाजूला तुम्हाला एकच कान आहे.' 'टक्कल नाही हो, कपाळ मोठं झालंय.' प्रत्येक वाक्याला एक बटण. फोन आरशाखालच्या फळीवर उभा असायचा, रेडिओचे दोन्ही हात कात्री-कंगव्यात, आणि बटण दाबायचं कोपराने! नवख्या माणसाला वाटायचं, याला काहीतरी चावतंय.

सगळ्यात मोठं बटण हत्तीचं होतं. लेक लहान असताना तिचे केस कापताना तो जी गोष्ट सांगायचा, ती. नातीचा जन्म ऑपरेशननंतरचा. आजोबांचा आवाज फळीवर असतो, हे तिच्या लेखी अगदी साधं होतं. ती केस कापून घ्यायची ती फक्त आजोबांकडून, आणि फक्त हत्ती ऐकत. हत्ती नाही तर कात्री नाही.

आणि नातीची शाळा सुरू व्हायला एकच दिवस उरला असताना फोन दाढीच्या गरम पाण्यात पडला.

नवा फोन लगेच आला. लेकीने ॲप पाठवलं, पण फोन काही ते आत घेईना. हे ॲप अधिकृत स्टोअरमधलं नाही, बनवणाऱ्याची आमच्याकडे नोंद नाही, धोका असू शकतो, वगैरे वगैरे. लेकीचा संताप झाला.

"नोंद नाही म्हणजे काय? मी बनवलंय! घरातलं माणूस बाहेरचं कसं झालं?"

बाकावर पेपर वाचत बसलेले रिटायर पोस्टमन हसले. ते रोजचेच. "बरोबर करतोय तो. मी मागे कुणीतरी पाठवलेलं ॲप टाकलं, तर माझ्या नावाने गावभर वजन कमी करायच्या गोळ्यांच्या जाहिराती गेल्या. व्याह्यांनासुद्धा!"

रेडिओने मान डोलावली आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटी त्याच्याच हातची: 'बाहेरून आणलेली ब्लेडं या दुकानात चालणार नाहीत.'

"म्हणजे फोन तुमच्यावरच गेलाय," लेक म्हणाली. तिचा स्वतःचा फोन वेगळ्या कंपनीचा, त्यात हे ॲप बसत नव्हतं, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर तर बाहेरचं काहीच चालत नव्हतं. तिने नव्या फोनच्या सेटिंगमध्ये खोल शिरून एक वाट शोधून काढली. "आता तो प्रश्न विचारेल. पटापट उत्तरं द्या."

शेवटचा प्रश्न आला. 'हे ॲप टाकण्यासाठी कोणी तुमच्यावर दबाव आणत आहे का?'

रेडिओने वर पाहिलं. लेक कमरेवर हात ठेवून डोक्याशी उभी होती. "आटपा ना बाबा! किती वेळ? ठेवा की बोट! तुमच्याकडून एक काम धड होईल तर शपथ!"

रेडिओ आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. मुका झाल्यावर काय बोलणार! त्याने 'हो' वर बोट ठेवलं.

फोनने सगळं बंद केलं आणि सांगितलं, तुमच्या सुरक्षिततेसाठी आता उद्या प्रयत्न करा.

पोस्टमनना हसून हसून ठसका लागला. लेकीने कपाळावर हात मारला. तेवढ्यात नात उड्या मारत आली आणि खुर्चीवर टाकलेल्या फळीवर चढून बसली. "आजोबा, हत्ती लाव."

रेडिओने रिकाम्या फोनकडे पाहिलं. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा त्याला आपण मुके आहोत असं वाटलं. अगदी आतून वाटलं. सवयीने उचललेली कात्री तो खाली ठेवणार, इतक्यात नातीने आरशात त्याच्याकडे बघितलं.

"बिघडलाय? बरं, मी लावते." आणि घसा खाकरून, आवाज जाड करून तिने सुरुवात केली. "एक होता हत्ती. तो आला माझ्या दुकानात. म्हणाला, शेपटीला जरा मशीन मारा. मी म्हटलं, हत्तीदादा, मारतो, पण बसू नका हं, खुर्ची सासऱ्यांनी दिलीय..."

कात्री चालू लागली. रेडिओ जिथे थांबायचा तिथे पोर थांबत होती, तो जिथे स्वतःच्याच विनोदाला हसायचा तिथे हसत होती. रेकॉर्डिंगच्या वेळी मधेच दार वाजलं होतं, त्याने लेकीला सांगितलं होतं, आणि तेवढा तुकडा गोष्टीतच राहून गेला होता. पोरीने तोही सोडला नाही.

"अगं, बघ गं, कोण आलंय!"

बाकावर टेकलेली लेक उठली आणि थेट दाराशी गेली. दार उघडंच होतं, बाहेर कोणीही नव्हतं. ती तिथेच पाठमोरी उभी राहिली आणि तिने पदराला डोळे पुसून घेतले. पोस्टमननी पेपर उगाचच तोंडासमोर धरला.

दुसऱ्या दिवशी नात नीटनेटक्या केसांनी शाळेत गेली आणि रेडिओ पुन्हा फोन घेऊन बसला. लेक आपणहून दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. "मी इथे नाहीच आहे. सावकाश करा. माझा काहीही दबाव नाही."

शेवटचा प्रश्न आला. रेडिओने डावीउजवीकडे नीट पाहून खात्री केली आणि 'नाही' म्हटलं. ॲप आत आलं. त्याने कोपर वळवून सगळ्यात मोठं बटण दाबलं आणि हातात काहीच काम नसताना हत्तीची गोष्ट ऐकत उभा राहिला.

"अगं, बघ गं, कोण आलंय!" फळीवरून त्याचा जुना, खणखणीत आवाज आला.

"मीच आलेय, बाबा," लेक बाहेरून म्हणाली आणि आत आली.