नदीकाठच्या शाळेची वाट

सायकलीवरून जाण्यासारखे चांगले रस्ते कोणते, असं कुणी विचारलं की मी एकच सांगते, आणि तोही जबलपूरचा. समुद्रकाठचे रस्ते ज्यांनी पाहिलेत ते हसतात. हसू देत. ग्वारीघाटाच्या जरा अलीकडे, फुलं-नारळांची दुकानं सुरू व्हायच्या आधी, उजव्या हाताला एक अरुंद रस्ता फुटायचा. सुरुवातीला सपाट शेतं, मग सागाच्या झाडीतून टेकडीचा चढ, आणि चढ संपला की डाव्या बाजूला खाली नर्मदा. तिथून पुढे गावापर्यंत ती सोबत असायची. तासभर गेलं तरी एखादी बैलगाडी भेटली तर भेटली.

हा रस्ता मला पासष्टच्या लढाईनं दिला. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. बाबा तोफांच्या फॅक्टरीत फिटर होते आणि बारा-बारा तासांची पाळी करत होते. घमापुरातल्या आमच्या घराच्या खिडक्यांना ब्लॅकआउटसाठी काळे कागद चिकटवले होते, त्यामुळे भर दुपारीही आत संध्याकाळ वाटायची. अशात मला त्या नदीकाठच्या गावातल्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली. सोमवारी रुजू व्हायचं होतं, आणि शनिवारी कळलं की तिकडची बस लढाई संपेपर्यंत बंद.

"सायकलनं जाईन," मी म्हणाले. शेजारच्या नर्सबाईंची जुनी लेडीज सायकल मला मिळण्यासारखी होती.

आईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. "आठ मैल? जंगलातून? एकटी?" ती वाईट नव्हती, घाबरलेली होती, हे आज कळतं. तेव्हा मला ती सरळ शत्रू वाटली. खूप वादावादी झाली, मी रडले, जेवले नाही. शेवटी तिनं अट घातली. चालत्या सायकलीवरच्या पोरीला कोणी अडवत नाही, पण जंगलात सायकल ढकलत चाललेली पोरगी तिला नको होती. म्हणून उद्या बाबांबरोबर जायचं, आणि शाळेपर्यंत एकदाही खाली न उतरता पोचले तरच नोकरी. उतरले तर विषय संपला.

बाबांना महिनाभरानंतर तो एक रविवार सुट्टीचा मिळाला होता. मला वाटलं, ते कुरकुर करतील. ते सकाळी माझ्याआधी उठून दोन्ही सायकलींच्या चेनला तेल देत बसले होते.

बाबांबरोबर सायकल चालवणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजलं. वीस वर्षं ते भोंगा वाजला की हजारभर सायकलींच्या लोंढ्यात शिरून फॅक्टरीला गेले होते. एकट्यानं, मोकळ्या रस्त्यावर सायकल चालवायची असते हे त्यांना माहीतच नव्हतं. चिटपाखरू नसलेल्या त्या रस्त्यावर ते अगदी डाव्या कडेला चिकटून, एकाच संथ वेगानं चालले होते. दर दोन मिनिटांनी घंटी वाजवत होते. वळण आलं की हात बाहेर काढत होते आणि मधूनच "चलो भैया, चलो चलो" म्हणत होते.

"बाबा, कोणाला म्हणून राहिले?" मी विचारलं.

"कोणाला नाही. सवय आहे."

मी इतकी हसले की माझी सायकल शेतात जाता जाता राहिली. आदल्या दिवशीचं रडं कुठल्या कुठे गेलं. पाऊस नुकताच ओसरला होता, दोन्ही बाजूंना कांसाचं पांढरं गवत फुललं होतं, आणि पायाखाली रस्ता सुरसुर पळत होता. मला फार आनंद झाला होता.

टेकडीच्या पायथ्याशी जंगलखात्याचा नाका होता. बांबू वर केलेला, शेजारी खाटेवर एक म्हातारा चौकीदार. बाबा नाक्याशी पोचले आणि टुणकन खाली उतरले. फॅक्टरीच्या फाटकातून सायकलवर बसून कोणी जात नाही, उतरून, हातात धरून, बिल्ला दाखवत जायचं असतं. बाबांनी खिशातून पितळी बिल्ला काढून त्या चौकीदारासमोर धरलासुद्धा! मी त्यांच्या अगदी मागे होते. ब्रेक दाबेपर्यंत माझं पुढचं चाक त्यांच्या मडगार्डवर आदळलं, आणि माझे दोन्ही पाय जमिनीवर.

"जाइए न बाबूजी," चौकीदार म्हणाला, "यहाँ कौन रोक रहा है?"

बाबा ओशाळले. मी मात्र भडकले. "तुमच्यामुळं उतरली मी! आता आईला काय सांगायचं?"

"ते मोजायचं नाही," बाबा म्हणाले. "ते माझ्या नावावर."

पण पुढचं कोणाच्याच नावावर टाकता येण्यासारखं नव्हतं. चढ सुरू झाला. पहिलं वळण मी जोरात घेतलं, दुसऱ्यावर मांड्या भरून आल्या, तिसऱ्यावर सायकल डुलायला लागली. मी उभी राहून पॅडल मारलं, दात-ओठ खाल्ले, आणि वर चढाचा माथा दिसत असताना चाक जागच्या जागी थांबलं. मी उतरले. छातीत धडधडत होतं आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. मागे पाहिलं तर बाबा केव्हाचेच उतरून सायकल ढकलत येत होते.

"आईला सांगू नका," मी म्हणाले.

बाबा सायकल ढकलत पुढे चालू लागले. त्यांनी कधी खोटं बोललेलं मला आठवत नव्हतं.

मी सायकल ढकलतच माथ्यावर आले आणि खाली नदी दिसली. हिरव्या टेकड्यांमधून वळत गेलेली, काळ्या खडकांवर फेसाळलेली, एकही माणूस नसलेली नर्मदा. नुकतेच सायकलवर बसलेले बाबा पुन्हा उतरले. सायकल झाडाला टेकवून ते कितीतरी वेळ नुसते पाहत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना काही काम नसताना उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. मग उतारावर दोघांनी पाय सोडून दिले, आणि बाबांनी चक्क मला मागे टाकलं. शाळेला कुलूप होतं. ओसरीवर बकऱ्या बसल्या होत्या. तिथेच आम्ही दशम्या खाल्ल्या. मला ती शाळा इतकी आवडली की खातानाही मी खिडकीच्या फटीतून आत डोकावत होते.

संध्याकाळी चहाचा कप पुढे करत आईनं विचारलं, "उतरली?"

मी जमिनीकडे पाहिलं.

"दोनदा," बाबा म्हणाले. "एकदा माझ्या चुकीनं, एकदा चढावर. मी तीनदा उतरलो. मला तर कोणी घरी बसवून नाही राहिलं."

आईनं बाबांच्या कपात उरलेला चहा ओतला. मग म्हणाली, "तुम्ही तिसऱ्यांदा काहून उतरले?"

"नदी दिसली म्हणून."

"अच्छा." तिचा आवाज बदलला होता. "लग्न होऊन इथं आली तेव्हापासून मी ग्वारीघाटच पाहून राहिली. संक्रांतीच्या गर्दीत पाय बुडवायचे आणि परत यायचं. मला नाही दाखवली कधी अशी नदी."

आईनं कप उचलले. "उद्या जाऊ द्या तिला. पण पुढच्या रविवारी मला तिथं जायचं आहे."

"पुढच्या रविवारी ड्यूटी आहे माझी."

"तुम्हाला कोण म्हणून राहिलं? ही नेईल."

आणि खरंच, पुढच्या रविवारी मी आईला मागे कॅरिअरवर बसवून निघाले. घमापुरातून निघताना तिनं पदर डोक्यावरून ओढून घेतला होता. शेतं लागली तसा तो खांद्यावर आला आणि ती गुणगुणायला लागली. आई काही हलकी नव्हती. चढाच्या पहिल्याच वळणावर माझा दम सुटला. तरी मी जीव तोडून पॅडल मारत होते, कारण अट घालणारी बाई पाठीमागेच बसली होती.

तिनं माझ्या पाठीवर थाप मारली.

"उतर ना वं," ती म्हणाली. "इथं कोण पाहून राहिलं?"