सासूबाईंच्या पायाची पट्टी

परळीत आमची पिठाची गिरणी होती आणि ती सासूबाई चालवायच्या. दिवसभर उभं राहून त्यांच्या डाव्या घोट्याच्या वर जखम झाली होती. माझं लग्न झालं तेव्हा तिला चार वर्षं झाली होती. म्हणजे घरात ती मला सीनियर होती. हळद, तीन मलमं आणि एका गिऱ्हाइकानं आणून दिलेलं कपिलधारच्या तीर्थाचं पाणी, एवढं तिच्यावर होऊन गेलं होतं.

गावातल्या डॉक्टरांनी मांडीची कातडी काढून तिथं लावायचं ठरवलं. तारीखही ठरली. नवऱ्याला दुसरं मत हवं होतं, म्हणून आम्ही औरंगाबादला रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे गेलो.

त्यांनी पाय बराच वेळ तपासला. म्हणाले, "रक्त खाली नीट येतंय, वर जाताना अडतंय. नवी कातडी लावली तरी ते साचणारच. आधी घट्ट पट्टी बांधा. मलम कुठलं, यानं फारसा फरक पडत नाही. पट्टीनं पडतो. पट्टी बांधून आणि न बांधता, दोन्ही करून पाहिलंय लोकांनी."

सासूबाई म्हणाल्या, "कापडच बांधायचं व्हतं, तर घरी काय कापड नव्हतं?"

"होतं. घट्ट बांधलं नव्हतं."

मग त्यांनी मला बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत पट्टी बांधायला शिकवलं. पावलावरची नाडी शोधायलाही लावली. "ही लागली नाही, तर बांधायचं नाही. त्या पायात आधीच रक्त कमी. आवळलात तर पाय जाईल."

रोज सकाळी त्या अंथरुणातून उठायच्या आत मी पट्टी बांधायची.

"कावून इतकं आवळतीस? माझ्यावर राग हाय का?"

"न्हाई आत्याबाई, डॉक्टरांनी सांगितलंय."

हे बऱ्याच अंशी खरं होतं.

दुपारी पाय उशांवर ठेवून पडायचं, हेही औषधच होतं. गल्लीत केबल नुकतीच आली होती, त्यामुळे हे औषध त्यांनी एकदाही चुकवलं नाही. पाचव्या महिन्यात जखम भरली. त्या जागेवर बोट फिरवत बराच वेळ बसल्या, मग गिरणी उघडायला गेल्या.

त्यानंतर दळणाला आलेल्यांपैकी कुणाचा पाय चिघळलेला दिसला, की त्या त्याला माझ्याकडे पाठवायला लागल्या. एकदा थर्मलच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले एक गृहस्थ आले. अंगठा काळा पडलेला, खिशात बिडीचं बंडल. मी नाडी शोधली. लागली नाही. पुन्हा शोधली.

"बांध की," सासूबाई म्हणाल्या. "माणसं बसल्यात."

"न्हाई बांधणार."

घरात आल्यापासून त्यांना मी पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं. त्या खाली बसल्या. आधी स्वतःच्या पावलावर बोटं ठेवली, मग त्या गृहस्थांच्या. मग परत स्वतःच्या.

"गिरणी बंद कर," त्या मला म्हणाल्या. आणि त्यांना, "दादा, पोराला बोलवा. आजच अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात जायचं."

त्यांचा अंगठा काढावा लागला, पाऊल वाचलं. दोनेक महिन्यांनी ते ज्वारी घेऊन आले आणि बिडी सोडली म्हणाले. वास मात्र तसं सांगत नव्हता.

पुढं माझ्याकडे पाठवण्याआधी सासूबाई स्वतःच नाडी पाहायच्या. ज्यांची लागायची नाही, त्यांना सांगायच्या, "तुमचं काम इथलं न्हाई, मोठ्या दवाखान्यात जा." त्यांचं दळण मात्र सगळ्यांच्या आधी काढून द्यायच्या.