सोळातले चार

हणमंतराव बिरादार हातात आलेला कागद शेवटपर्यंत वाचत. विजेच्या बिलामागचा बारीक मजकूर असो की औषधाच्या डबीतली घडी, सगळं. भालकीजवळच्या खेड्यात मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकून ते हैदराबादला मामाकडे आले. घरात मराठी, रस्त्यावर दख्खनी, हपिसात तेलुगू. इंग्रजी सगळ्यात शेवटी आली, तीही कोठीच्या फुटपाथवर घेतलेल्या जुन्या डिक्शनरीच्या जोरावर. त्यामुळे इंग्रजी कागद ते फार हळू वाचत, पण एकही शब्द मागे सोडत नसत.

हिमायतनगरला एका दूध कंपनीचं मुख्य हपिस होतं. तिथं ते त्र्याऐंशी साली टायपिस्ट म्हणून लागले. नव्वदनंतर खासगी दुधाला वाट मोकळी झाली आणि दोन चिलिंग सेंटरांची कंपनी बघता बघता एकसष्ट सेंटरांची झाली. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले. कुणीच शिकायला तयार नव्हतं तेव्हा हणमंतराव शिकले, आणि म्हणून कॉम्प्युटरची खोली त्यांच्या ताब्यात आली. अंबरपेठेतून स्कूटरवर ते साडेसातला हजर असत, कारण सकाळची घाई दुधाची असते.

सेंटरवर सकाळी दूध गोळा होतं, मोठ्या कूलरमध्ये चार डिग्रीपर्यंत थंड होतं आणि टँकर येऊन ते उचलतो. कुठे किती दूध आहे, किती डिग्रीवर आहे, हे आकडे सेंटरवरून आपोआप हपिसात येत. त्यावरून आठ वाजता एक यादी निघे. कोणत्या सेंटरवर टँकर आधी पाठवायचा, ते त्या यादीवर ठरे. यादीत नाव आलं की टँकर विभागातला गौतम पास काढी. पास नसेल तर टँकर हलत नसे.

ही यादी काढणारं रिपोर्टचं सॉफ्टवेअर पुण्याहून आलेल्या मृण्मयीने आणलं होतं. तिशीतली, एमबीए झालेली, कामाला वाघ. सगळ्या इमारतीत मराठी बोलणारे हे दोघंच, म्हणून ती त्यांना काका म्हणायची. त्यांच्या तोंडचं ‘हौ’ ऐकून सुरुवातीला हसायची, पुढे स्वतःच ‘हौ काका’ म्हणायला लागली. तिने यादीच्या जोडीला रंगीत तक्ते केले. कुठल्या गावात दही जास्त खपलं, कुठला मॅनेजर पुढे, कुठला मागे. साहेबलोकांना ते इतके आवडले की साडेतीनशे माणसं सकाळी चहाच्या कपाबरोबर फोनवर तक्ते उघडू लागली. जुना सर्व्हर दमला.

दोन हजार तेराच्या फेब्रुवारीत नवा आला. खरेदी विभागाने चांगला सौदा केला म्हणून नारळ फोडला, पेढे वाटले. जुन्या यंत्रात चार कोअर होते, नव्यात सोळा. कोअर म्हणजे यंत्राच्या पोटातले काम करणारे हात, असं हणमंतराव भामाबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, समजावत. त्या म्हणाल्या, मग आता तुम्हाला जरा आराम.

यंत्राबरोबर सॉफ्टवेअरच्या नव्या लायसन्सचा चौतीस पानांचा कागद आला होता. तो वाचायला हणमंतरावांना तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी ते मृण्मयीच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. सॉफ्टवेअर कंपनी आजवर प्रोसेसर मोजून लायसन्स देत होती. नव्या नियमात ती प्रोसेसरच्या आतले कोअर मोजणार होती. यांच्या जुन्या लायसन्सचे नव्या हिशेबात चारच कोअर होत होते. यंत्रात सोळा. सगळ्या सोळांचं लायसन्स घ्या, नाहीतर यंत्राचा चार कोअरचा तुकडा वेगळा पाडून सॉफ्टवेअर तेवढ्यावरच चालवा, असं तिसाव्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं.

मृण्मयीने ते पान दोनदा वाचलं. “म्हणजे यंत्र चौपट आणि काम जेवढ्याला तेवढंच?”

“हौ. तक्ते मात्र वाढलेत,” हणमंतराव म्हणाले.

दोघं जनरल मॅनेजर नरसिंगरावांकडे गेले. नरसिंगराव भला माणूस, पण सौदा त्यांच्या सहीने झाला होता. आणखी बारा कोअरचं लायसन्स आता आर्थिक वर्ष संपताना मागायला जायचं म्हणजे नारळ फोडला तो चुकीचा, असं कबूल करण्यासारखं. त्यांनी विकणाऱ्याला फोन लावला. तो माणूस हसून म्हणाला, चालवा बिनधास्त, कोण बघतंय. हणमंतरावांनी तेवढं लिहून पाठवा म्हणून विनंती केली. ते काही आलं नाही. आठ दिवसांनी सॉफ्टवेअर कंपनीचंच पत्र आलं: आपण किती कोअर वापरता ते कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुखाने सहीनिशी कळवावं.

प्रमुख म्हणजे हणमंतराव. नरसिंगराव म्हणाले, चार लिहा आणि सही करा. हणमंतरावांनी आधी यंत्रात शिरून सॉफ्टवेअरला चारच कोअर दिले, मग चार लिहिलं, मग सही केली. बारा कोअर तिथंच त्या डब्यात, वीज खात, रिकामे बसले.

मार्चभर निभावलं. एप्रिलपासून यादी आठाची साडेआठला, मग नऊला निघू लागली. साहेबलोक तक्ते उघडत तेव्हाच यादीची पाळी येई आणि ती रांगेत मागे उभी राही. हणमंतरावांनी उपाय सांगितला: आठ ते साडेनऊ तक्ते बंद ठेवा. मृण्मयीने हिंमत करून दोन दिवस ठेवले. दोन्ही दिवस यादी आठ वाजून पाच मिनिटांनी निघाली. तिसऱ्या दिवशी मालकांनी मोटारीतून तक्ता उघडला, तो उघडेना. अर्ध्या तासात तक्ते सुरू करायचा हुकूम आला. हुकुमात यादीचा उल्लेखच नव्हता. मृण्मयी त्या दिवशी हणमंतरावांच्या खोलीत आली, खुर्चीत बसली आणि थोड्या वेळाने उठून गेली.

नारायणखेडकडच्या एका सेंटरवर उमाजी नावाचा माणूस होता. चाळिशीचा, घरच्या दोन म्हशी, सेंटरची नोकरी अकरा वर्षांची. त्या भागात मराठी चालतं, म्हणून काही अडलं की तो नेमक्या माणसाला सोडून हणमंतरावांनाच फोन करी. मे महिन्यात तिकडे रोज वीज जात होती. जनरेटरचं डिझेल संपत आल्याचं त्याने दोनदा कळवलं होतं. डिझेल आलं नव्हतं.

तेवीस मेला, गुरुवारी, सव्वाआठला त्याचा फोन आला. वीज पावणेसातला गेली होती, जनरेटर बंद होता, कूलरमध्ये पाच हजार लिटर दूध होतं. “सायेब, अकरा डिग्री झालंय. टँकर पाठवा की.”

हणमंतरावांनी यंत्रात शिरून पाहिलं. सेंटरच्या बॅटरीवरच्या मीटरचा आकडा आला होता, अकरा, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बारा झाला. यंत्राला सगळं माहीत होतं. फक्त ते यादीत उतरवायचं काम रांगेत त्रेसष्टावं होतं. ते जिना उतरून गौतमकडे गेले. जहिराबादला रिकामा टँकर उभा होता, तासाभराच्या वाटेवर. गौतमने पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला. यादीत नसलेल्या सेंटरचा पास त्याच्या कॉम्प्युटरवर निघतच नव्हता. तो खोटं बोलत नव्हता. ती सोय कुणी ठेवलीच नव्हती. नरसिंगरावांना फोन लावला. ते मालकांबरोबर बैठकीत होते, तक्ते बघत.

साडेआठला हणमंतराव आपल्या खोलीत परत आले आणि त्यांनी पडद्यावरची ती खिडकी उघडली जिथं सॉफ्टवेअरला किती कोअर द्यायचे ते लिहिलेलं असतं. चार. तिथं सोळा लिहायचं आणि यंत्र बंद करून चालू करायचं, एवढंच काम. पण चार लिहून दिलेल्या कागदाखाली त्यांची सही होती. लिहून दिलेलं मोडणं त्यांना आयुष्यात जमलेलं नव्हतं. बोट कीबोर्डवर ठेवून ते बसून राहिले. मध्ये उमाजीचे दोन फोन आले. दुसऱ्यात त्याने फक्त आकडा सांगितला, सतरा. रांगेतला नंबर त्रेसष्टावरून अठ्ठेचाळीसवर आला होता. नऊ वाजून वीस मिनिटांनी त्यांनी चार खोडून सोळा लिहिलं.

यंत्र बंद होऊन चालू व्हायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात तक्ते बंद पडले म्हणून चारही मजल्यांवरून फोन वाजत राहिले. चालू झाल्यावर साडेतीनशे माणसं एकदमच पुन्हा आत शिरली. तरी सोळा कोअरांनी ते पेललं. दहाला पाच कमी असताना यादी निघाली, नारायणखेडकडचं सेंटर सगळ्यात वर, लाल रंगात. गौतमने त्याच मिनिटाला पास काढला.

टँकर अकराला पोचला. ड्रायव्हरने नियमाप्रमाणे भांडंभर दूध उकळून बघितलं. ते फुटलं. फुटलेलं दूध टँकरमध्ये घेता येत नाही. उमाजीने कूलरची तोटी उघडली आणि पाच हजार लिटर दूध सेंटरमागच्या नाल्यात सोडून दिलं. फोनवर हे सांगताना तो शांत होता. बारा वाजता हणमंतरावांनी सोळा खोडून पुन्हा चार केले.

चौकशी लागली. हणमंतरावांनी आपणहून दोन पानांचं निवेदन लिहिलं. पहिल्या पानावर फोन किती वाजता आला, आकडा काय होता, डिझेल दोनदा मागितलं होतं, हे सगळं. दुसऱ्या पानावर कोअरची हकिगत: यादी का अडते, चार का केले, आणि त्या दिवशी आपण अडीच तास सोळा वापरले, तेही. नरसिंगरावांनी निवेदन वाचलं आणि पहिलं पान ठेवून दुसरं परत केलं.

“हणमंतराव गारू, हे फाइलीत गेलं आणि उद्या सॉफ्टवेअरवाल्यांचा तपासनीस आला, तर कंपनीच सापडते. तुम्हीही सापडता. सही तुमची आहे.”

“पण मग यादीला उशीर का झाला, ते कुठं येणार?”

“नाही येणार,” नरसिंगराव म्हणाले. त्यांनाही ते सांगणं आवडलं नसावं. खिडकीकडे बघत म्हणाले.

त्या संध्याकाळी हणमंतरावांनी भामाबाईंना सगळं सांगितलं. निवृत्तीला दोन वर्षं होती. भामाबाईंनी तुम्ही अमुक करा असं काही म्हटलं नाही. फक्त विचारलं, दुसरं पान दिलं तर त्या उमाजीची नोकरी वाचते का? हणमंतराव म्हणाले, सांगता येत नाही. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. सकाळी हणमंतरावांनी एका पानाच्या निवेदनावर सही केली.

दुसरं पान गेल्यावर फाइलीत कारण उरलं ते एकच: जनरेटरला डिझेल नव्हतं. जनरेटर उमाजीच्या ताब्यात. डिझेल मागितल्याचं पहिल्या पानावर होतं, पण मागणी फोनवर केलेली, कागदावर नाही. ऑगस्टमध्ये त्याला काढलं. मृण्मयीने त्या काळात यादीच्या उशिराबद्दल मालकांना तीन मेल लिहिले. एकाचंही उत्तर आलं नाही आणि दिवाळीआधी ती बंगळूरची नोकरी धरून निघून गेली. जाताना काकांच्या पाया पडली. पुढच्या वर्षी कंपनीने आठ कोअरचं लायसन्स घेतलं. यादी साडेआठला निघू लागली, आणि सगळ्यांना ते पुरेसं वाटलं.

उमाजीला काढलं त्याच वर्षीच्या डिसेंबरात, एका रविवारी, हणमंतराव बसने नारायणखेडकडे गेले. उमाजीचं घर विचारत विचारत पोचले. उमाजीने पाणी दिलं, बाज अंगणात ओढली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. आता तो दोनाच्या चार म्हशी करून दूध दुसऱ्या कंपनीच्या सेंटरवर घालत होता. म्हणाला, “लोकं सांगत होते, हपिसात तुम्ही एकट्यानंच माझ्यासाठी लिहून दिलं.”

हणमंतराव म्हणाले, “दोन पानं लिहिली होती. एकच दिलं.”

“दुसऱ्यात काय होतं?”

हणमंतरावांनी सांगायला सुरुवात केली. सर्व्हर, कोअर, चौतीस पानांचा कागद, चार आणि सोळा. साध्या शब्दांत सांगायचा त्यांनी फार प्रयत्न केला. उमाजी मान खाली घालून ऐकत होता. चहा आला, निवला.

“म्हणजे यंत्र मोठं होतं,” उमाजी म्हणाला.

“हौ.”

“आन् ते चालवायचं नव्हतं.”

“हौ.”

उमाजी उठला. मग धारेची वेळ झाली म्हणून बादली घेऊन गोठ्याकडे गेला. परतीची बस यायला अजून पाऊण तास होता. हणमंतराव बाजेवर तसेच बसून राहिले.