आत्याबाईंच्या नावाची भाकरी

पुण्यात ह्यांचं एक फुप्फुस काढलं तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण डॉक्टर म्हणाले, ह्या जातीचा कॅन्सर झपाट्यानं पसरतो, नुसतं कापून भागत नाही. शिरेतून जालीम औषधही द्यावं लागेल, आणि तरी भरवसा धरू नका. मी धरला.

इंजेक्शनांनी हे ओकून ओकून अर्धे झाले. मग केस पुंजक्यांनी उशीवर यायला लागले. माणूस तापट. मी दूध आणायला गेले तेवढ्यात ह्यांनी न्हाव्याला बोलावून डोकं भादरून घेतलं, वर मिशाही उतरवल्या. केसच नाहीत तर मिशा कशाला, म्हणे.

आमच्याकडं मिशा उतरवलेला माणूस म्हणजे आई नाहीतर बाप गेलेला. सासरे जाऊन वर्षं लोटली होती. दौंडला गाडी बदलून बारामतीला उतरलो तर ओळखीचे लोक माना खाली घालून बाजूला झाले. अशा माणसाला कोण गेलं म्हणून कुणी विचारत नाही.

दोन दिवसांनी आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, धाकटी बहीण इंदापूरहून आली, डोक्यावर पिठलं-भाकरीची पाटी. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोयरे कडू घास आणतात, तो हा. मावशींनी वेशीपासूनच गळा काढला होता. दारात आत्याबाई गहू निवडत बसलेल्या. मावशींचा हुंदका घशातच राहिला. मला हसू आलं, खरंच आलं.

आत्याबाईंनी बहिणीकडं पाहिलं, मग आत खाटेवर पडलेल्या लेकाच्या उघड्या डोक्याकडं. त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही. त्यांनी पाटी उतरवली, उंबऱ्यावर बसून भाकरी मोडली आणि पिठल्याबरोबर सगळी खाल्ली.

"माज्या नावाची हाय न्हवं, मग मीच खाते," त्या म्हणाल्या. "ह्या घरातली मयत झाली म्हना. आता त्याला ऱ्हाऊ द्या."

त्या बोलत होत्या ते बहिणीशी नव्हे, मरणाशी, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. हे आतून म्हणाले, आय, बास कर. मी मात्र वेड्यासारखी मनात म्हणत होते, ऐक रे बाबा तिचं.

उसाला तुरे येण्याआधी हे गेले. मावशी पुन्हा तशीच पाटी घेऊन आल्या. मी कपाळ पुसून कोपऱ्यात बसले होते. आत्याबाईंपुढं ताट ठेवलं, तर त्यांनी ते हातानं मागं सारलं.

"माजी मी मागंच खाल्ली," त्या म्हणाल्या. "ती कुनी हिशेबात धरली न्हाय."

त्यानंतर त्या पुष्कळ वर्षं जगल्या. त्या जगण्याचा त्यांना शेवटपर्यंत राग होता.